जुना संगणक, जुने फॉन्ट आणि लिनक्स

प्रश्न : सांगली जिल्ह्यात आमचा लग्नपत्रिका आणि बिलबुके छापण्याचा छोटा छापखाना आहे. दुकानातल्या २०१५ सालच्या संगणकावर विंडोज १० आहे. आता नवा संगणकच घ्यावा लागेल, असे दुरुस्तीवाला सांगतो. मुलगी मात्र त्यावर लिनक्स टाकू म्हणते. मोफत सॉफ्टवेअर धंद्यासाठी वापरलेले चालते का? आणि बारा वर्षांचा मराठी मजकूर त्यात उघडेल का?

उत्तर : विंडोज १० ची सुरक्षेची नेहमीची मोफत अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि आपल्या संगणकाचा प्रोसेसर विंडोज ११ च्या अटींत बसत नाही, इथपर्यंत दुरुस्तीवाल्याचे म्हणणे बरोबर आहे. परंतु त्यासाठी चालता संगणक टाकून द्यावा, हे मला पटत नाही. लिनक्स ही विंडोजच्या जागी संगणक चालवणारी मोफत प्रणाली आहे; तिच्यातल्या ‘मिंट’ या प्रकाराची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती ४ जीबी रॅमवर नीट चालते. तिचा आणि लिबरऑफिस या मजकूर-हिशेबाच्या मोफत सॉफ्टवेअरचा परवाना घरचा वापर व धंद्यातला वापर असा भेद करत नाही. पेनड्राइव्हवरून मिंट सुरू करून, काहीही न बसवता, आपला प्रिंटर चालतो का ते आधी पाहावे.

खरी अडचण जुन्या मजकुराची आहे. त्या काळच्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरांचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असत, म्हणून फाईलमध्ये प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरे आणि चिन्हेच साठवली जातात; फॉन्ट असेपर्यंत ‘श्री गणेशाय नमः’ दिसते आणि तो नसला की निरर्थक चिन्हांची रांग उरते. युनिकोड या जगभरच्या लिप्यांसाठीच्या समान संकेतपद्धतीत मात्र ‘क’ला ०९१५ असा स्वतःचा क्रमांक आहे आणि फॉन्ट बदलला तरी ‘क’ हा ‘क’च राहतो. जुन्या मजकुराचे रूपांतर करणारी साधने मिळतात, पण प्रत्येक फॉन्टची मांडणी वेगळी असल्याने आपल्याच फॉन्टसाठीचे साधन निवडावे. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाआधी टंकली जाते आणि युनिकोडमध्ये नंतर, त्यामुळे वेलांटी, रफार आणि जोडाक्षरे रूपांतरानंतर डोळ्यांखालून घालावीच लागतात. पत्रिकेत वधूचे नाव चुकले तर ते दुःख त्या घराला कायमचे राहते, म्हणून यात घाई नको.

पत्रिकांची मांडणी कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरमध्ये केलेली असेल, तर ते लिनक्सवर थेट चालत नाही. इंकस्केप या मोफत चित्रमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याच्या काही फायली उघडतात, परंतु मांडणी बिघडू शकते. म्हणून विंडोज पुसून टाकू नये. आधी सर्व फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी, मिंट वेगळ्या डिस्कवर बसवावे आणि विंडोजला इंटरनेट न जोडता ते जुन्या कामांपुरते ठेवावे. नव्या पत्रिकांसाठी ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्ता’ हा मुक्त परवान्याचा फॉन्ट छपाईतही विनाशुल्क वापरता येतो. टंकणाऱ्याचा हात टाइपरायटरच्या कळफलकावर बसलेला असेल, तर युनिकोडमध्ये टंकण्याच्या ‘इन्स्क्रिप्ट’ या कळफलकाच्या सरावासाठी त्याला लग्नसराई सुरू होण्यापूर्वीच वेळ द्यावा.