तुझी लेक दहापर्यंत आकडे म्हणते, पण तीन ठोकळे मागितले तर देत नाही?

अगं टेन्शन नको घेऊस, अडीच वर्षांच्या मुलांचं असंच असतं. एक ते दहा म्हणणं हे त्या वयात गाण्यासारखं पाठांतर असतं, अर्थ नंतर येतो आणि तोही एकेक करत, म्हणजे आधी फक्त 'एक' पक्का होतो, मग काही महिन्यांनी 'दोन', मग 'तीन', आणि साधारण साडेतीन-चारच्या आसपास उमगतं की मोजताना शेवटी आलेला आकडा म्हणजेच एकूण किती.

घरी करून बघ. पुढ्यात दहा ठोकळे ठेव आणि मागत जा. माझा लेक 'एक दे' म्हटलं की बरोब्बर एकच द्यायचा, 'तीन दे' म्हटलं की दोन्ही मुठी भरून माझ्या हातावर ओतायचा आणि इतका खूश व्हायचा!

सध्या एवढंच कर:
१. चारपर्यंतच खेळ, वीसपर्यंत घोकून घेऊ नकोस.
२. आधी एकूण सांग, मग मोज. 'ही बघ तीन बटणं. एक, दोन, तीन. तीन बटणं!'
३. मोजलेली वस्तू तिलाच बाजूला सरकवू दे, नुसतं बोट फिरवलं की एखादी सुटते नाहीतर दोनदा मोजली जाते.

आणि सारखं 'किती आहेत सांग' करत परीक्षा घेऊ नकोस, ही चूक आम्ही सगळ्यांनी केलीय. बोटांवर मोजली तर अजिबात अडवू नकोस, कधीकधी तोंडाने चुकीचा आकडा येतो पण बोटं बरोबर तेवढीच वर असतात, तिकडे लक्ष ठेव. आकडे लिहिणं, बेरीज वगैरे आत्ता डोक्यातच आणू नकोस.