एव्हरेस्टसाठी प्लॉट विकू नका, ॲडव्हान्स कोर्सचा फॉर्म भरा

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमची मुलगी संगमनेरला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय भूगर्भशास्त्र. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत तिने बेसिक कोर्स केला आणि ‘ए’ ग्रेड मिळवली. आता तिला एम.एस्सी. करायचं नाही. आठ हजार मीटरची शिखरं चढायची आणि त्यावर लिहून पोट भरायचं, हे तिने ठरवलंय. एव्हरेस्टसाठी गावाकडचा प्लॉट विकायला तिचे वडील तयार आहेत. याला करिअर म्हणायचं का, असं तुम्ही विचारलंय.

आधी प्लॉटचं बोलतो. तो विकू नका. नेपाळच्या बाजूने वसंत ऋतूत एव्हरेस्ट चढायचं तर नुसती परवान्याची फी सप्टेंबर २०२५ पासून माणशी १५ हजार डॉलर झाली आहे. शेर्पा, ऑक्सिजन, बेस कॅम्प, विमानप्रवास हे सगळं वेगळं. एवढं करून शिखर गाठलं तरी दुसऱ्या दिवसापासून पगार सुरू होत नाही. साताऱ्याच्या प्रियांका मोहितेने आठ हजार मीटरवरची पाच शिखरं केली, तिला तेनझिंग नोर्गे पुरस्कारही मिळाला. पण त्या वर्षांत ती बंगळुरूला औषधनिर्मितीच्या क्षेत्रात नोकरीही करत होती. तुमच्या मुलीला हे नक्की दाखवा.

या क्षेत्रात नियमित पैसा मिळतो तो शिकवण्यात, मोहिमा नेण्यात आणि बचावकार्यात. त्याची वाट ठरलेली आहे. बेसिकच्या ‘ए’ ग्रेडवर ॲडव्हान्स कोर्स, तिथेही ‘ए’ मिळाली की प्रशिक्षकांसाठीचा एमओआय, म्हणजे ‘मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन’ कोर्स. शिवाय तिचा विषय भूगर्भशास्त्र आहे. हिमनद्या, दरडी, भूस्खलन यांचा अभ्यास करणाऱ्यांना बर्फावर सुरक्षित वावरू शकणारी माणसं लागतातच. हातात आलेला हा विषय तिने सोडू नये असं मला मनापासून वाटतं.

लिखाणाबद्दल मात्र मी तिच्या बाजूने आहे. पीटर बोर्डमन आणि जो टास्कर या दोन ब्रिटिश गिर्यारोहकांची गोष्ट तिला सांगा. १९७६ मध्ये दोघांनीच गढवालमधल्या चांगाबांगची पश्चिम भिंत चढली. शिखराची उंची ६८६४ मीटर, म्हणजे आठ हजारांच्या बरीच खाली. बोर्डमन तेव्हा ब्रिटिश माउंटेनियरिंग कौन्सिलमध्ये नोकरीला होता. टास्कर मोहिमेच्या पैशांसाठी सॅलफर्डमधल्या एका शीतगृहात रात्रपाळी करायचा. भिंतीवर लटकून झोपायचे झोळे त्यांनी त्याच शीतगृहात, गोठवलेल्या अन्नाच्या शेजारी झोपून तपासून घेतले. चढाई संपवून खाली आले तर शेजारच्या दुनागिरीवर चार गिर्यारोहक मृत्युमुखी पडल्याचं कळलं. हे दोघे थकलेल्या अंगाने पुन्हा वर गेले आणि त्यांना बर्फात दफन करून आले. बोर्डमनने या मोहिमेवर लिहिलेलं पुस्तक लोक अजून वाचतात. त्यात टास्करच्या नोंदीही आहेत, त्यामुळे दोघांनी एकच मोहीम किती वेगळी अनुभवली हे वाचकाला दिसतं.

तेव्हा तिला म्हणावं, उंच शिखराची वाट बघत लिखाण थांबवू नकोस. पत्रासोबत तुम्ही तिचा डोकरानी हिमनदीवरचा लेख पाठवलात. त्यात ‘निसर्गाचं विहंगम रूप’ पहिल्याच पानावर तीनदा आलंय. पण पुढे एक वाक्य आहे: क्रॅम्पॉनचा (बर्फावर चालताना बुटाखाली बांधायच्या खिळ्यांच्या सांगाड्याचा) पट्टा गोठलेला होता आणि तो सोडवायला तिच्या दोरावरच्या जोडीदारणीने स्वतःचे हातमोजे काढले. हे वाक्य फक्त तिथे असलेलं माणूसच लिहू शकतं. असं तिने भरपूर लिहावं. थंडीत बॉलपेन दगा देतं, म्हणून पेन्सिल वापरावी आणि तंबूत शिरल्यावर त्याच रात्री टिपावं: किती वाजता निघालो, वारा कुठून होता, दोर किती लावला, परतायचं कोणी आणि का ठरवलं. पुढे एखादं अनवट शिखर केलं, तर त्याचा वृत्तांत ‘हिमालयन जर्नल’ला पाठवता येईल. १९२९ पासून निघणारं हे वार्षिक आहे. तिथे लिहून घर चालणार नाही, पण नंतर त्याच भागात जाणारे लोक तो वृत्तांत काढून वाचतील. मराठीत तर अशा नेमक्या लिखाणाला अजून खूप जागा आहे.

तुम्ही पत्रात लिहायचं टाळलंत, पण तुमच्या मनात असणारच, म्हणून धोक्याबद्दलही बोलतो. बोर्डमन आणि टास्कर १९८२ मध्ये एव्हरेस्टच्या ईशान्य धारेवर गेले ते परतले नाहीत. ऑक्टोबर २०२२ मध्ये द्रौपदी का डांडा शिखरावर याच नेहरू संस्थेच्या ॲडव्हान्स कोर्सची तुकडी हिमस्खलनात सापडली. त्यात प्रशिक्षक सविता कंसवालही गेली. त्याच वर्षी मे महिन्यात ती एव्हरेस्टवर पोचली होती. कौशल्याने धोका कमी होतो, संपत नाही. हे मुलीशी एकदा उघडपणे बोला. रागावून किंवा रडून नको, जेवणं झाल्यावर तिघांनी बसून बोला. हवामान बिघडलं किंवा अंगात ताकद उरली नाही तर ती कुठून मागे फिरेल, हे तिला विचारा. तिचं उत्तर गुळमुळीत असेल, तर मोठ्या शिखराचा विषय दोन-तीन वर्षं पुढे ढकला.

आता लगेच करायचं ते असं. ॲडव्हान्सची प्रतीक्षायादी लांब असते, म्हणून अर्ज आत्ताच भरा आणि शक्यतो एम.एस्सी.च्या सुट्टीतली तुकडी निवडा. एम.एस्सी.चा प्रवेश अर्जही चुकवू नका. विमा घेताना किती उंचीपर्यंत संरक्षण आहे आणि हेलिकॉप्टरने सुटका त्यात धरली आहे का, हे पॉलिसीत स्वतः वाचून घ्या, एजंटच्या तोंडी शब्दावर विसंबू नका.