तुमचे प्रश्न : कारगिलचा खरा आकडा कोणता?

प्रश्न : ताई नमस्कार. मी कोरेगावचा, भरतीची तयारी करतोय. भावकीतल्या लग्नाच्या आदल्या रात्री जेवताना कारगिलचा विषय निघाला. पुण्याचा चुलतभाऊ म्हणाला आपले 527 गेले न त्यांचे 4000, म्हणजे सौदा फायद्यातच पडला. दुसरा म्हणाला सरकार कधी खरं सांगत नसतं, आपलेपण हजारानं गेले असणार. आमचे आण्णा मराठा लाइट इन्फंट्रीतनं सुभेदार म्हणून रिटायर झालेत, ते ताटावरनं उठून गेले आणि त्या दोघांशी अजून बोलत नाहीत. चुकलं कोण आणि खरा आकडा कोणता?

उत्तर : दादा, दोघंही चुकले, पण वेगवेगळ्या जागी.

आधी आपल्या आकड्याचं बघू. कारगिलमधे आपले 527 गेले, 1363 जखमी झाले हा सरकारी आकडा आणि मला तो पटतो. प्रत्येक नावामागं आर्मी नंबर आहे, युनिट आहे, गाव आहे, चालू असलेली पेन्शन आहे, आणि ही आपली पहिली लढाई जिच्यात पार्थिवं सरसकट घरी पाठवली, त्याआधी बहुतेकांना तिकडंच अग्नी द्यायचे. आपल्याकडं गावात पेटी आली की सगळा तालुका गोळा होतो, हजारो पेट्या लपवायच्या कुठं? त्यामुळं दुसऱ्या भावाला म्हणावं, संशय घ्यायचा तर घे पण कोणत्या गावची पेटी मोजली नाही ते सांग.

आता ते 4000. पाकिस्तान तेव्हा म्हणत होतं की वर आमचे सैनिकच नाहीत, मुजाहिदीन आहेत. प्रत्यक्षात होते त्यांच्याच नॉर्दर्न लाइट इन्फंट्रीचे जवान, आणि त्यांचे बरेचसे मृतदेह त्यांच्या देशानं घेतलेच नाहीत, आपल्या पोरांनीच ते तिथं त्यांच्या धर्माप्रमाणं दफन केले. टायगर हिलवर पडलेल्या त्यांच्या कॅप्टन कर्नल शेर खानच्या (कर्नल हे त्याचं नावच, हुद्दा कॅप्टन) खिशात तर आपल्या ब्रिगेडियरनं चिठ्ठी ठेवून पाठवली की हा शूर लढला, आणि पुढं त्याला तिकडचा सगळ्यात मोठा लष्करी सन्मान मिळाला. 2010 मधे पाकिस्तानी लष्करानं स्वतःच्या वेबसाइटवर 453 नावं टाकली. चार हजाराची भाषा तेव्हाचे पंतप्रधान नवाझ शरीफांची, आणि ज्या लष्करप्रमुख मुशर्रफनी त्यांना खुर्चीवरनं खाली खेचलं त्यांच्याच गळ्यात कारगिल बांधायचं होतं त्यांना, तेव्हा हा आकडा तोलूनमापून घ्यावा. खरं 453 पेक्षा जास्त असणार असं मलाही वाटतं, पण 4000 हे सिद्ध झालेलं नाही. समोरच्याचे किती मेले हे दोन्हीकडनं नेहमीच असं सांगितलं जातं. गलवानमधे 15 जून 2020 च्या रात्री आपले 20 गेले ते आपण लगेच सांगितलं, चीननं स्वतःचे 4 कबूल करायला फेब्रुवारी 2021 उजाडवला.

पण आकड्यांचं खरं भांडण असतं ते कुणाला मोजायचं ह्यावर. 1962 चं चीनबरोबरचं युद्ध घ्या. सरकारी हिशोबात मृत 1383, बेपत्ता 1696, कैदी 3968. म्हणजे मेलेल्यांपेक्षा बेपत्ताच जास्त, आणि त्या बर्फातनं बेपत्ता झालेले किती परत येणार होते? आता कुणी 1383 धरून बोलतो, कुणी दोन्ही मिळून तीन हजाराच्या वर सांगतो, कुणी त्यात जखमी आणि कैदीपण घालतो आणि मग एकमेकाला खोटारडा म्हणतात, जेव्हा की कागद एकच असतो. त्या पराभवानंतर संरक्षण खातं सांभाळायला दिल्लीला गेले ते आपलेच यशवंतराव चव्हाण, आणि चौकशीचा हेंडरसन-ब्रूक्स अहवाल सरकारनं अजून खुला केलेला नाही. असं दाबून ठेवलं की लोकांच्या मनात शंका राहणारच, तुझ्या दुसऱ्या भावाचा संशय तिथनं येतो आणि तेवढ्यापुरता तो बरोबर आहे.

बरं, लढाई न होता पण माणसं जातात. संसदेवरच्या हल्ल्यानंतर 2001-02 ला ऑपरेशन पराक्रममधे फौज बॉर्डरवर नेऊन दहा महिने उभी केली, युद्ध झालंच नाही, तरी सुरुंग पेरताना, काढताना, अपघातात मिळून जवळपास 800 जवान गेले. कारगिलपेक्षा जास्त. तुझ्या चुलतभावाला हा आकडा माहिती होता का विचार, कारण ह्यात समोरचे किती पडले असं काही सांगायलाच नाही, मग सौदा कसा मांडणार?

आणि आपल्या सातारा जिल्ह्यात बसून हे बोलायचं म्हणजे अपशिंग्याचं नाव घ्यायलाच पाहिजे. एका गावचे 46 जण पहिल्या महायुद्धात गेले, इंग्रजांनी तिथं स्मारकाचा दगड बसवला, म्हणून निदान आकडा तरी राहिला. बसऱ्याच्या स्मारकावर काय केलं बघ, मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमधे, पडलेल्या गोऱ्यांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि साध्या हिंदी शिपायांचा पलटणीखाली नुसता आकडा, अमुक पलटण आणि इतर इतके इतके. मराठा पलटणी होत्या त्या मोहिमेत, कुतच्या वेढ्यातसुद्धा, म्हणजे आपल्या भागातल्या किती घरची माणसं त्या 'इतर'मधे असतील. 2021 मधे कॉमनवेल्थ युद्धस्मारक आयोगानं अहवाल काढून माफी मागितली, त्यात म्हटलंय की 1,16,000 पासून कदाचित 3,50,000 पर्यंत माणसं, बहुतेक पूर्व आफ्रिकी आणि इजिप्तची, नावानं किंवा अजिबातच नोंदली गेली नाहीत. शंभर वर्षांनी.

आण्णांच्या रागाचं म्हणशील तर युनिटमधे जवान गेला की त्याच्या सामानाची यादी करायला बोर्ड बसतो. पांढऱ्या रंगात नंबर, रँक, नाव लिहिलेली काळी ट्रंक उघडायची, कपडे, पाकीट, पोस्टाचं पासबुक, घरची पत्रं, एकेक लिहून सह्या करायच्या आणि ती घरी पाठवायची. सुभेदाराच्या हातून असं काम झालेलं असू शकतं. त्या माणसासमोर सौदा हा शब्द यायलाच नको होता. पुण्याच्या भावाला सांग, एकटा जाऊन आण्णांच्या पाया पड, खुलासा देत बसू नकोस.

प्रश्न : ताई, मी जत तालुक्यातली. माझे मिस्टर फौजेत होते, वर ड्युटीवर असताना गाडी दरीत गेली आणि गेले. गावात काही लोक म्हणतात लढाईत कुठं गेला, अ‍ॅक्सिडेंटच तो. पेन्शन पण कमी बसली आहे. ह्यांना कुणी धरत नाही का?

उत्तर : वहिनी, गावातल्या त्या बोलण्याला उत्तर द्यायची गरज नाही. सियाचीनमधे 1984 पासून जेवढे गेले त्यातले बहुतेक गोळीनं गेलेच नाहीत, थंडी आणि हिमकडे ह्यांनी गेले, म्हणून ते कमी का झाले?

पेन्शनचं मात्र नीट बघा. मृत्यू कोणत्या प्रकारात धरला ह्यावर सगळं ठरतं. बॅटल कॅज्युअल्टी, म्हणजे लढाईतला मृत्यू, धरली तर लिबरलाइज्ड फॅमिली पेन्शन, म्हणजे शेवटच्या पगाराएवढी. ड्युटीमुळं मृत्यू धरला तर स्पेशल फॅमिली पेन्शन, 60 टक्के. दोन्ही नाही धरलं तर साधी, 30 टक्के, सुरुवातीची काही वर्षं 50. एकाच रस्त्यावर गाडी पडलेली असते आणि मृत्यूची नोंद केलेल्या ऑर्डरवर काय लिहिलंय ह्यानं घरात येणारा पैसा निम्म्यावर येतो, हे मला अन्याय्य वाटतं. तुमच्याकडं पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा कागद, असेल त्यावर पेन्शनचा प्रकार लिहिलेला आहे तो वाचा. मग कोर्ट ऑफ इन्क्वायरीची (अपघाताच्या लष्करी चौकशीची) प्रत आणि पार्ट टू ऑर्डर, म्हणजे मृत्यूची नोंद केलेली ती ऑर्डर, रेकॉर्ड ऑफिसकडं लेखी मागा, अर्जाची पोच घ्या, तोंडी सांगितलेल्यावर थांबू नका. ते ठिकाण ऑपरेशनल एरिया (लष्करी कारवाईचा भाग) होतं का, गाडी कोणत्या कामाला निघाली होती, ह्या दोन गोष्टी त्यात शोधा. सांगलीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कागद दाखवून अपील कसं करायचं विचारा, तिथं नाही जमलं तर आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलचं मुंबईला खंडपीठ आहे. वर्षं झाली म्हणून सोडून देऊ नका, जुनी प्रकरणंही तिथं ऐकली गेली आहेत. कागद हातात आले की ह्याच पत्त्यावर झेरॉक्स पाठवा, ओरिजनल पाठवू नका.