साहेबांचा त्रास आणि तक्रारीची मुदत

साहेब आणि हाताखालची माणसे यांच्यातल्या तंट्यांबद्दल सातपूर, अंबड, सिन्नरहून तेच ते प्रश्न येत राहतात. म्हणून ही उत्तरे.

नोकरीवर घेताना साहेबांनी मूळ गुणपत्रिका ठेवून घेतल्या. काय करू? (सिन्नर)
लेखी अर्ज करून परत मागा आणि अर्जाची पोच घ्या.

सुपरवायझर सगळ्यांसमोर शिव्या देतात. नोकरी सोडू का? (अंबड)
रागाच्या भरात राजीनामा लिहू नका. तारीख, शिफ्ट, शब्द आणि हजर कोण होते, हे त्याच दिवशी वहीत उतरवा. एचआरला लेखी कळवा. दाद लागली नाही तर वही घेऊन कामगार वकिलाकडे जा.

मॅनेजर रात्री अकराला ‘एकटी आहेस का?’ असे मेसेज करतात. मैत्रिणी म्हणतात, पुरावा कमी पडला तर तक्रार आपल्यावरच उलटते. अप्रेझल होईपर्यंत थांबू का? (सातपूर)
ताई, अजिबात थांबू नका. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या (‘पॉश’) कायद्याप्रमाणे शेवटच्या प्रकारापासून तीन महिन्यांत कंपनीच्या अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार द्यावी लागते. समिती कारण नोंदवून आणखी तीन महिने देऊ शकते, पण त्या भरवशावर राहू नका. तक्रार उलटते ही ऐकीव गोष्ट आहे, आणि तिच्याच धाकाने कित्येक जणी मुदत घालवून बसतात. नुसती तक्रार सिद्ध झाली नाही म्हणून तक्रार करणारीवर कारवाई होत नाही, हे कायद्यातच लिहिले आहे. ती जाणूनबुजून खोटी केल्याचे चौकशीत ठरावे लागते. अप्रेझलची भीती असेल तर समितीकडे लेखी मागा, की चौकशी संपेपर्यंत माझ्या कामाचा अहवाल या मॅनेजरने लिहू नये. तशी तरतूद नियमांत आहे. मेसेज खोडू नका. ऑफिसच्या ग्रुपवरही टाकू नका, तक्रारीचा मजकूर गोपनीय ठेवायचा असतो. मसुदा वकिलाला दाखवा, पण याच आठवड्यात.

माझ्या युनिटमध्ये चौदा माणसे आहेत. एक एजंट ‘पॉश सर्टिफिकेट’ विकतो आहे. घेऊ का? (अंबड)
नका घेऊ. कागद भिंतीवर लावून कायदा पाळला जात नाही. दहा किंवा अधिक माणसे असली की लेखी आदेशाने अंतर्गत समिती नेमावीच लागते: अध्यक्ष वरिष्ठ महिला, किमान निम्म्या सदस्य महिला, एक सदस्य बाहेरचा. नेमली नाही तर 50,000 रुपयांपर्यंत दंड आहे. आदेश काढण्याआधी जाणकाराकडून तपासून घ्या.

आम्ही सहाच जण आणि असाच लैंगिक त्रास देणारे खुद्द मालक. कुठे जाऊ? (पंचवटी)
जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे. जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात चौकशी करा. मुदत तुम्हालाही तीन महिन्यांचीच आहे.