बोट हतनूर धरणावर नेऊन आणल्यापासून ट्रेलरचं चाक घरघरतंय, नुसतं ग्रीस भरून चालेल का?

नाही भो, घरघर सुरू झाली म्हणजे बेरिंग गेलंच समजा. होतं काय, भुसावळहून तिथपर्यंत हब (चाकाचा मधला भाग, ज्यात बेरिंग बसतं) तापतो न् तसाच पाण्यात घातला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं, म्हणून हब हाताला गार लागल्यावरच ट्रेलर पाण्यात घाला. बदलताना आतलं-बाहेरचं दोन्ही बेरिंग कपासकट (बेरिंग ज्यात फिरतं ती बाहेरची कडी) बदला, जुन्या कपात नवं टाकलं तर पैसे पाण्यात, ऑईल सील न् नट अडकवणारी कॉटर पिनपण नवीच. ग्रीस मरीनचंच, म्हणजे पाण्यात टिकणारं. नट चाक फिरवत आवळायचा, मग किंचित ढिला करायचा, आमच्या मेस्त्रीने गच्च आवळून दिला होता तर सावद्याच्या अलीकडेच चाक जाम!