वडील गेले, पण रडूच आलं नाही

वडील जाऊन वर्ष होत आलं तरी डोळ्यांतून टिपूस आलं नाही, आपण दगड आहोत का, ही चिंता माझ्याकडे, म्हणजे समुपदेशकाकडे, घेऊन येणारे बहुतेक थोरले मुलगे असतात. त्यासाठी म्हणून कुणी येत नाही. झोप लागत नाही, पित्त वाढलंय, पोरांवर उगाच हात उगारला जातो, असं काहीतरी सांगतात आणि निघता निघता, दारात चप्पल घालताना, खरी गोष्ट बोलतात. ज्याची गोष्ट इथे सांगते आहे त्याला माधव म्हणू. नाव बदललं आहे, ओळख पटेल असे तपशीलही. लिहायला त्याची हरकत नाही.

माधव चाळिशीच्या आतबाहेर, लातुरात पतसंस्थेत नोकरीला. वडिलांना घरात सगळे दादा म्हणायचे. दादा मार्केट यार्डात हमाल होते. १९७२ च्या दुष्काळात मिसरूडही न फुटलेला हा पोरगा खडी फोडायला गेला, सुकडीवर दिवस काढले, आणि पुढे गाव सोडून लातूरला आला तो आडतीवर पोती उचलायलाच. शंभर किलोचं पोतं पाठीवर घ्यायचे दिवस होते ते. पन्नासचा कट्टा नंतर आला. त्या हमालीवर दोन पोरं शिकली, पोरीचं लग्न झालं, दोन खोल्यांवर स्लॅब पडला. दारू नाही, उधारी नाही, कुणाशी तंटा नाही.

दादा पहाटे झोपेतच गेले. त्यानंतरचं सगळं माधवने केलं. पुण्याच्या भावाला फोन, बहिणीला आणायला गाडी, गंगाखेडला अस्थी, तेरावा, मृत्यूचा दाखला, हमालांच्या माथाडी मंडळाकडे अडकलेला फंड, बँकेत आईचं नाव. एकही कागद चुकला नाही. भाऊ गळ्यात पडून रडला, बहिणीला आवरता आवरेना, आणि हा मंडपवाल्याचा हिशेब करत होता. काही दिवसांनी भाकरी थापता थापता आई बोलून गेली, "बापासाठी एक टिपूस गाळलं नाहीस रं तू." तिने ते पुन्हा कधी काढलं नाही. याच्या डोक्यातून ते गेलं नाही.

मग वर्षश्राद्ध जवळ आलं. कीर्तन ठरलं, पेपरात जाहिरात द्यायची ठरली, आणि शिकलेला म्हणून चार ओळी लिहायचं काम माधवकडे आलं. त्याने लिहिलं: कष्टाळू, प्रेमळ, कुटुंबवत्सल, सर्वांना हवेहवेसे. तो कागद त्याने मला दाखवला आणि म्हणाला, "मॅडम, हे कुणाच्याही बापाचं आहे. माझ्या बापाचं यात काहीच नाही. मला आठवतच नाही काही. पस्तीस-छत्तीस वर्षं एका छपराखाली काढली, आणि आठवत नाही."

मला वाटतं, त्याची अडचण रडण्याची नव्हतीच. ज्याच्यासाठी रडायचं तो माणूस त्याला सापडत नव्हता. फ्लेक्सवरचा हार घातलेला फोटो होता, गावभरातून ऐकलेले 'देवमाणूस होता' हे शब्द होते, आणि या दोन्हींमागे दादा पार बुजून गेले होते. गेलेल्याबद्दल वाईट बोलू नये, ही आपल्याकडची रीत चांगलीच आहे. पण तिच्या पोटी माणसाचा खडबडीतपणाही घासून जातो, आणि गुळगुळीत झालेल्या माणसाला हाताने धरता येत नाही.

मोबाईलवर फिरणारे दुःखाचे पाच टप्पे माधवनेही वाचले होते आणि आपण पहिल्यातच, म्हणजे नाकारण्यातच, अडकलो असं ठरवून टाकलं होतं. मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये ते मांडले ते मुळात स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना ते नंतर चिकटले. ही काही शाळेची इयत्ता नाही की पहिली पास झाल्याशिवाय दुसरीत बसता येत नाही. आणि काही माणसं दुःख कामातूनच करतात. मंडपवाल्याचा हिशेब हेही त्याचं दुःखच होतं. हे मी त्याला सांगितलं तेव्हा त्याने मान हलवली, पण पटलं नव्हतं. नुसतं समजावून असं काही पटतही नाही.

म्हणून मी विचारायला लागले. 'दादांबद्दल सांगा' असं विचारलं की माणूस पुन्हा 'कष्टाळू, प्रेमळ'वर येतो. त्याऐवजी बारीक विचारलं. दादा घरी आले हे आतल्या खोलीत कशावरून कळायचं? जेवताना पहिला घास कशाचा घ्यायचे? पैसे कुठे ठेवायचे? कशावरून चिडायचे? दहाव्याला पानावर त्यांच्या आवडीचं काय ठेवलं होतं?

शेवटच्या प्रश्नावर तो गप्प झाला. "आई म्हणाली ते ठेवलं," म्हणाला. बापाला काय आवडायचं हे त्याला माहीत नव्हतं.

पण पहिल्या प्रश्नाला उत्तर आलं. आधी सायकलचं स्टॅण्ड, मग शिंका. तुरीची गाडी असली की भुकटी नाकात बसायची. दादा अंगणातच बादलीशी थांबायचे आणि एकामागून एक शिंकायचे. शेजारची म्हातारी म्हणायची, आली बाई तूर. सांगता सांगता माधव हसला. मग हात पुढे करून दाखवायला लागला: दादा उपरणं झटकायचे, नंतर खाली वाकायचे आणि माधवला म्हणायचे, कानामागचं बघ. लहानपणी ओल्या फडक्याने बापाचे कान आणि मान पुसणं हे त्याचं काम होतं. मानेखाली, खांद्याच्या वळणावर, कातडी जाड झालेली. तिथे फडकं घासलं तरी दादांना कळायचं नाही, म्हणून तो तिथे नख लावून बघायचा. "ते म्हणायचे, पुसायलास की खेळायलास?" हे तो अगदी दादांच्या आवाजात बोलला.

काहीच आठवत नाही म्हणणारा माणूस अर्धा तास बोलत होता. न बोलणाऱ्या माणसाच्या आठवणी शब्दांत शोधल्या की हाती काही लागत नाही. त्या आवाजात, वासात, हाताच्या सवयीत असतात.

सगळं गोडच निघालं असं नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणायची वेळ आली तेव्हा, साठी ओलांडलेले दादा टँकरच्या रांगेत घागरी राखत रात्र-रात्र बसायचे. माधव म्हणाला, "मी पगारदार माणूस. विकतचा टँकर टाकू म्हणलं, तर म्हणाले, पाण्याला पैसे मोजायचे व्हय? अन् वरून चार लोकांत मला माजोरी म्हणले." ती बोच होती. वर्षभर ती कुणापुढे काढायची सोय नव्हती, कारण देवमाणसावर कोण चिडणार?

मी त्याला यार्डात जायला सुचवलं. दादांच्या टोळीतले दोघेतिघे अजून कामावर होते. काही विचारायचं नाही, चहा घ्यायचा आणि ऐकायचं. तो गेला आणि पुढच्या वेळी आला तो संतापूनच. टोळीतल्यांनी सांगितलं, तुझा बाप लई गमतीचा. आडत्याची नक्कल करायचा, थप्पीवर चढून सौद्याची बोली लावायचा, हमालांना हसवून हसवून पोती खाली ठेवायला लावायचा. माधव मला म्हणाला, "आम्हाला कामून नाही दाखवलं हे? घरी येऊन तोंडाला कुलूप. आमचा काय गुन्हा होता?"

आमच्या भेटींमधली सगळ्यात मोलाची भेट मी हीच धरते. त्याला मी शांत केलं नाही. दादा दमायचे, जबाबदारी होती, ही उत्तरं त्याला माहीतच होती आणि ती खरीही असतील. पण बाप हसरा होता आणि आपल्या वाट्याला तो आला नाही, हे नुकसान खरंच झालं होतं. गेलेला माणूस तर गेलाच. जो आपल्याला मिळालाच नाही त्याचंही दुःख असतं, आणि त्याला तेराव्याच्या पत्रिकेत जागा नसते.

गेलेल्याशी नातं तोडून पुढे जायचं असतं, असं मानसशास्त्रात बराच काळ मानलं जायचं. शोकाचे अभ्यासक डेनिस क्लास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये वेगळं मांडलं: नातं संपत नाही, त्याचं रूप बदलतं आणि ते चालू राहतं. पितृपंधरवड्यात कावळ्याला घास ठेवणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. मी एवढंच जोडेन, की चालू नात्यात रागही चालतो.

माधवने आईला विचारलं, दादांना जेवायला काय आवडायचं. आईने आधी उडवून लावलं, मग म्हणाली, शिळ्या भाकरीचा काला, वर कच्चं तेल. पण पाहुण्यांपुढे सांगायला लाजायचे, म्हणून विचारलं की पुरणपोळी म्हणायचे. दहाव्याला पुरणपोळीच ठेवली होती. दोघं मायलेक त्यावर बराच वेळ हसले, असं त्याने सांगितलं. जाहिरातीत शेवटी 'कष्टाळू, प्रेमळ'च छापलं गेलं. काल्याबद्दल लिहायला बहीण तयार झाली नाही, आणि तिचंही बरोबर आहे. पेपरातली जाहिरात चारचौघांसाठी असते.

तो रडला का? माझ्यासमोर नाही. झोप मात्र लागायला लागली आणि पोरांवरचा हात थांबला. मला तेवढं पुरे आहे.

हे वाचून कुणी आपल्याशी ताडून बघेल, म्हणून एक गोष्ट वेगळी काढून सांगते. रडू न येणं हा आजार नाही. पण सहा महिने उलटून गेल्यावरही गेलेल्याची ओढ किंवा त्याचेच विचार दिवसचे दिवस सोडत नसतील, कामधंदा, जेवणखाण, माणसांत मिसळणं बंद पडलं असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत अशा लांबलेल्या दुःखाची आता वेगळी नोंद आहे. जगून काय करायचं असे विचार येत असतील तर सहा महिने मोजत बसू नये. टेली-मानस १४४१६ या सरकारी क्रमांकावर केव्हाही फोन करता येतो, मराठीतही बोलता येतं.

पुण्याचा धाकटा भाऊ, जो गळ्यात पडून रडला होता, तो आता दादांचा विषय निघाला की उठून जातो. माधवला त्याला माझ्याकडे आणायचं होतं. मी नको म्हटलं. त्याला यायचं तेव्हा तो येईल. तोवर माधवने त्याला यार्डातली आडत्याची नक्कल फोनवर सांगायला काही हरकत नाही.