अ‍ॅनाटॉमीचं पुस्तक आत्तापासून पाठ करू नकोस

तुझा प्रश्न थोडक्यात असा: नर्सिंगला प्रवेश मिळालाय, वर्ग सुरू व्हायला दोन महिने आहेत, शाळेतलं जीवशास्त्र सुटून सहा वर्षं झालीत आणि अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजीत (शरीराची रचना आणि ते कसं चालतं, या विषयांत) गटांगळ्या खाल्लेल्यांच्या कहाण्या ऐकून पोटात गोळा आलाय. पुस्तक आणून पहिल्या पानापासून वाचायला घेऊ का, केमिस्ट्री किती लागेल, आणि मृतदेह बघून चक्कर आली तर काय, असं तू विचारलंयस. मी 18 वर्षं वॉर्डात काढलीत आणि मधल्या काळात विद्यार्थिनींना हाताखाली घेऊन शिकवलंयही, त्या अनुभवावर सांगते. जरा लांबेल.

पहिल्या पानापासून वाचू नकोस. मी तेच केलं होतं. मनगटाची आठ हाडं, घोट्याजवळची सात, कवटीची सगळी, अशा याद्या घोकून वर्गात गेले. पहिल्याच चाचणीत विचारलं, कोपर आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या का जातात? ह्यूमरसवरच्या, म्हणजे दंडाच्या हाडावरच्या, प्रत्येक उंचवट्याचं नाव मला येत होतं, पण त्यातल्या आतल्या बाजूच्या उंचवट्यामागून अल्नर नर्व्ह अगदी कातडीखालून जाते आणि तीच पुढे करंगळीला संवेदना देते, हे काही जुळेना. उत्तरात मी त्या भागातल्या हाडांची नावं लिहून आले. एकही चुकलं नव्हतं, आणि मार्क शून्य.

मग या दोन महिन्यांत करायचं काय? सगळ्यात आधी शब्द. या विषयातले निम्मे हाल विषयामुळे होत नाहीत, शब्दांमुळे होतात. आणि हे शब्द मुळात ग्रीक आणि लॅटिनमधले असल्याने इंग्रजी फाडफाड बोलणारीलाही ते तितकेच परके असतात, तेव्हा तू मागे आहेस असं मनात आणू नकोस. शब्द अख्खे पाठ करायचे नाहीत, तोडायचे. कार्डिओ म्हणजे हृदय, मायो म्हणजे स्नायू, शेवटी आयटिस म्हणजे दाह. मग मायोकार्डायटिस कुणी सांगावा लागत नाही. टॅकी म्हणजे जलद, ब्रॅडी म्हणजे मंद, एरिथ्रो लाल, ल्युको पांढरा, एक्टॉमी म्हणजे कापून काढणं. रोज पाच-सहा तुकडे घेतलेस तर दोन महिन्यांत तीनशेच्या आसपास होतात, आणि पहिल्या वर्षाला तेवढे पुरून उरतात. एकाच अवयवाला दोन नावं दिसली तर गोंधळू नकोस. मूत्रपिंडाला लॅटिनमधून रीनल आलंय आणि ग्रीकमधून नेफ्रो, दोन्ही चालतात.

हायपर आणि हायपो मात्र झोपेतून उठवून विचारलं तरी यायला हवेत. हायपरग्लायसेमिया म्हणजे साखर वाढलेली, हायपोग्लायसेमिया म्हणजे उतरलेली. ऐकायला एका अक्षराचा फरक, उपचार अगदी उलटे. इलियम नावाची तर गंमतच आहे. कमरेच्या हाडाचा एक भाग इलियम आणि लहान आतड्याचा शेवटचा भागही इलियम. उच्चार तोच, स्पेलिंगमध्ये फक्त आय आणि ई. लिहिताना दरवर्षी कुणीतरी आतड्याचं फ्रॅक्चर करतंच.

दिशांचे शब्दही आत्ताच करून टाक: अँटीरियर (पुढचा), पोस्टीरियर (मागचा), मीडियल (मध्याकडचा), लॅटरल (बाहेरचा), प्रॉक्सिमल (धडाजवळचा), डिस्टल (धडापासून दूरचा). हे सगळे एका ठरावीक उभं राहण्यावर बेतलेले आहेत, तळहात समोर करून. म्हणून अंगठा बाहेरच्या, म्हणजे लॅटरल बाजूला येतो. आणि डावं-उजवं नेहमी पेशंटचं, बघणाऱ्याचं नाही. चित्रात हृदय तुझ्या उजव्या हाताला दिसतं ते यामुळेच.

दुसरं म्हणजे, अ‍ॅनाटॉमी शिकायला एक मॉडेल तुझ्याकडे फुकट आहे: तू स्वतः. गळ्याखालच्या खळगीतून बोट छातीच्या मधल्या हाडावरून खाली ने, दोनेक इंचांवर एक आडवा उंचवटा लागेल. तिथे दुसरी बरगडी जोडलेली असते. तिथून मोजत डावीकडे पाचव्या आणि सहाव्या बरगडीमधल्या फटीत ये आणि कॉलरबोनच्या मध्यातून सरळ खाली येणाऱ्या रेषेवर थांब. अ‍ॅपेक्स बीट, म्हणजे हृदयाच्या टोकाचा ठोका, बहुधा तिथे लागतो. डाव्या कुशीवर किंचित कललीस तर जास्त स्पष्ट. असं एकदा बोटांनी शोधलेलं विसरत नाही. मनगटाची नाडी, पावलावरची नाडी, गळ्यातली नाडीही शोध, पण गळ्यातली एका वेळी एकाच बाजूची. दोन्ही एकदम दाबायच्या नाहीत.

चित्रं काढ. वाईट काढलीस तरी चालेल, माझं हृदय बटाट्यासारखं यायचं. पण पुस्तक मिटून काढ. रक्ताचा एक थेंब घे आणि त्याला फिरव: शरीरातून उजव्या वरच्या कप्प्यात, तिथून उजव्या खालच्या कप्प्यात, मग फुप्फुसांत, परत डाव्या वरच्या कप्प्यात, डाव्या खालच्या कप्प्यात, आणि एओर्टातून, म्हणजे शरीराकडे रक्त नेणाऱ्या सर्वांत मोठ्या वाहिनीतून, बाहेर. इथे बहुतेक जणी एका जागी अडखळतात. आर्टरी म्हणजे शुद्ध रक्ताची वाहिनी असं शाळेत डोक्यात बसलेलं असतं, आणि फुप्फुसांकडे जाणारी पल्मनरी आर्टरी तर ऑक्सिजन कमी असलेलं रक्त नेते. हृदयापासून दूर नेते ती आर्टरी, हृदयाकडे आणते ती व्हेन. रक्त कसलं याच्याशी नावाचा संबंध नाही.

हा नकाशा हाताला बसला की खरी मजा सुरू होते. समज, डावा खालचा कप्पा थकलाय, रक्त पुढे ढकलता येत नाही. रक्त तुंबेल कुठे? त्याच्या मागे काय आहे ते बघ: फुप्फुसं. म्हणून पेशंटला दम लागतो, आणि आडवं पडलं की जास्तच लागतो, कारण पायांकडचं रक्तही आता सहज परत येऊन आणखी भर घालतं. उजवी बाजू थकली तर तुंबारा मागे शरीरात, म्हणून पावलं सुजतात. माझ्या पहिल्या ड्युटीला इनचार्ज सिस्टरांनी विचारलं होतं, दम लागलेल्या पेशंटला बसतं का केलं? मी म्हटलं, तशी पद्धत आहे. त्या काही बोलल्या नाहीत, नुसत्या बघत राहिल्या. उत्तर वरच्या चार वाक्यांत आहे, आणि वर हेही की बसल्यावर पोटातले अवयव खाली सरकतात आणि डायफ्रॅमला, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या श्वासाच्या स्नायूला, हलायला जागा मिळते.

फिजिऑलॉजी ही अशी आहे. तिथे पाठांतर कमी आणि ‘मग पुढे काय होईल?’ जास्त. त्यासाठी दोन-तीन कल्पना पक्क्या हव्यात. जिथे जास्त आहे तिथून कमी असेल तिथे गोष्टी आपोआप जातात, मग तो दाब असो वा विरघळलेल्या पदार्थाचं प्रमाण. उलट दिशेने न्यायचं तर पेशीला ऊर्जा खर्चावी लागते. आणि शरीर काही आकडे ठरावीक पट्ट्यात धरून ठेवायला सतत धडपडतं. याला वॉल्टर कॅनन यांनी 1926 मध्ये होमिओस्टॅसिस हे नाव दिलं. पुस्तकातला कुठलाही धडा उघड, या तिघांपैकी काहीतरी सापडेलच.

एकच साखळी नीट समजून घे, नमुना म्हणून. माणसाचं रक्त जातंय. हृदयाकडे परतणारं रक्त कमी झालं, म्हणून प्रत्येक ठोक्याला बाहेर पडणारंही कमी. गळ्यातल्या कॅरोटिड सायनसमध्ये आणि एओर्टाच्या कमानीत दाब मोजणारे संवेदक असतात, त्यांना हे लगेच कळतं. मेंदूकडून सिम्पथेटिक, म्हणजे संकटात शरीराला सज्ज करणारी, यंत्रणा कामाला लागते: ठोके वाढतात, कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, घाम फुटतो. मूत्रपिंडं रेनिन सोडतात, त्यातून पुढे अँजिओटेन्सिन आणि अल्डोस्टेरॉन, म्हणजे दाब आणि मीठ-पाणी राखणारी संप्रेरकं. शिवाय एडीएच हे संप्रेरक वाढतं आणि पाणी शरीरातच अडवलं जातं. आता पुस्तक बाजूला ठेव आणि हा पेशंट डोळ्यांसमोर आण. नाडी जलद, हात गार आणि ओलसर, लघवी कमी, जीव घाबरा. आणि बीपी? बऱ्याचदा अजून ठीकच! धडधाकट तरुण माणसात एकूण रक्ताच्या जवळजवळ 30 टक्के, म्हणजे 5 लिटरमधलं दीड लिटर जाईपर्यंत वरचा आकडा टिकून राहू शकतो. बीपी चांगलंय म्हणून निर्धास्त राहणारी आणि नाडी बघून आधीच हाक मारणारी, या दोघींत फरक एवढ्या साखळीचाच असतो. परीक्षेत हिला पाच मार्क असतील फार तर.

केमिस्ट्रीची फार धास्ती नको. आयन म्हणजे काय, आम्ल-आम्लारी, पीएच, ऑस्मोसिस (पातळ पडद्यातून पाणी कमी क्षारांकडून जास्त क्षारांकडे जाणं), एवढं बस. रक्ताचा पीएच 7.35 ते 7.45 मध्ये असतो. सोडियम मुख्यतः पेशीच्या बाहेर, पोटॅशियम मुख्यतः आत. पेशीतला पंप दर फेरीला तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. रक्तात पोटॅशियम लिटरमागे साधारण 3.5 ते 5 मिलिमोल इतकंच असतं, म्हणून तिथे थोडी वाढही हृदयाची लय बिघडवते. कॉन्सन्ट्रेटेड पोटॅशियम शिरेतून थेट कधीच ढकलायचं नाही, हा नियम तुला पुढे शंभर वेळा ऐकवतील. कारण आत्ताच कळलं. सलाईन 0.9 टक्केच का, नुसतं पाणी का नाही, याचंही तसंच. साधं पाणी शिरेत गेलं तर ते ऑस्मोसिसने तांबड्या पेशींत शिरेल आणि पेशी फुटतील. गणित म्हणशील तर गुणाकार-भागाकार. ठोक्याला 70 मिली, मिनिटाला 72 ठोके, म्हणजे मिनिटाला सुमारे 5 लिटर. मूत्रपिंडं मिनिटाला 125 मिली गाळतात. दिवसाचे किती ते तूच काढ, मग लघवी जेमतेम दीड लिटर का होते हा प्रश्न आपोआप पडेल. उरलेलं सगळं परत शोषलं जातं, आणि मूत्रपिंडाचा अख्खा धडा त्या एका वाक्याचा विस्तार आहे.

पुस्तक एकच घे, नर्सिंगसाठी लिहिलेलं, तेही वर्ग सुरू झाल्यावर शिक्षक सांगतील ते. डॉक्टरकीच्या मुलांचे जाडजूड ग्रंथ आणून ठेवलेस तर धूळच खातील.

वाचण्याच्या पद्धतीबद्दल एकच सांगते, कारण यात मी वर्ष घालवलं. पुन्हा पुन्हा वाचल्याने आपल्याला येतं असं नुसतं वाटतं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांवर हेच तपासलं होतं: पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने विचारलं तेव्हा न बघता आठवून लिहिणारे. परीक्षा पाच मिनिटांनी नसते. तेव्हा धडा वाच, मिटव, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिही, मग उघडून लाल पेनाने भर. चार रंगांचे हायलाइटर खुशाल वापर, वही सुंदर दिसते. माझी फारच सुंदर दिसायची.

राहिला चक्करेचा प्रश्न. सगळीकडे मृतदेह दाखवतातच असं नाही, बऱ्याच ठिकाणी हाडांचा संच, मॉडेलं आणि बरणीतले अवयव यांवरच भागतं. पण दाखवले तर पहिल्या दिवशी कुणाला तरी घेरी येतेच, आणि त्याचा मनाच्या दुबळेपणाशी संबंध नाही. ती मेंदूकडून हृदयाकडे जाणाऱ्या व्हेगस नर्व्हची करामत. ठोके एकाएकी मंदावतात, पायांतल्या रक्तवाहिन्या सैलावतात, तासभर एका जागी उभं राहिल्याने रक्त आधीच पायांत साचलेलं असतं, आणि मेंदूला क्षणभर कमी पडतं. उपायही त्यातच आहे. उपाशी जाऊ नकोस, पाणी पिऊन जा, गुडघे ताठ करून उभी राहू नकोस. पोटऱ्यांचे स्नायू आवळत-सोडत राहा, ते रक्त वर ढकलतात. डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा कान बधिरले तर शेजारणीला सांगून तिथेच जमिनीवर बस, जमलं तर पाय वर करून आडवी हो. बाहेर पळायला जाऊ नकोस, दारापर्यंत पोचायच्या आत पडायला होतं आणि डोकं फुटतं. आमच्या तुकडीतल्या तिघी पहिल्या दिवशी भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या. त्यातली मधली मी.